दवंडीतला राजा

घोडी तपकिरी होती, कपाळावर पांढरा ठिपका, डाव्या कानाला खाच, न्यूगेटच्या वेशीबाहेरून सुटून गेलेली. हे सगळे बार्नबी थ्रेलने नेहमीच्या ठसक्यात, एकही शब्द न गिळता सांगितले. मग सवयीने छाती भरून घेतली, घंटा हलवली आणि दवंडीचे शेवटचे वाक्य चीपसाइडच्या बाजारावर फेकले, 'देव राजाला राखो!' वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले. आधी वाटले, दुसऱ्याच कोणी ओरडले. मग कळले की बाजारात एवढा मोठा आवाज आपलाच आहे. राजाला. इंग्लंडात राजा नव्हता. चव्वेचाळीस वर्षे राणीच होती. शेंबड्या पोरालाही ठाऊक होते की राणी आहे, एलिझाबेथ आहे, ती रिचमंडच्या वाड्यात आहे, आणि ती आजारी आहे. गेला आठवडाभर शहरात कुजबुज होती की ती जेवत नाही, बिछान्यावर आडवी होत नाही, जमिनीवर उशा मांडून बसते, बोट तोंडात घालून समोर बघत राहते. आणि अशा दिवशी, भर बाजारात, ज्याच्या हाती शहराने घंटा दिली तो माणूस राजाला राखो म्हणाला होता. बार्नबी तसाच उभा राहिला. काही झाले नाही. कांदेवाली कांदे निवडत होती. एक गाडीवान दुसऱ्या गाडीवानाच्या आईचा उद्धार करत होता. फक्त पार्नेल, ती खाऱ्या हेरिंग माशांची पाटी घेऊन फिरणारी विधवा, पाटी डोक्यावर तशीच धरून त्याच्याकडे बघत होती. तिचे तोंड उघडे होते. मग तिने ते मिटले आणि ती वळून चालू लागली.

दवंडी एका कोपऱ्यावर देऊन भागत नाही. ब्रेड स्ट्रीटच्या तोंडाशी तीच घोडी पुन्हा सांगायची होती. त्याने सांगितली. 'देव राणीला राखो' हे वाक्य त्याने इतके जपून, इतके सुटे सुटे म्हटले की एखादा परदेशी नुकतीच भाषा शिकून बोलावा तसे ते वाटले. दोघांतिघांनी वळून पाहिले. आता का पाहिले? मघाशी कोणी पाहिले नाही, आणि आता बरोबर बोललो तर पाहतात. चालताना घंटा आपोआप वाजत होती, म्हणून त्याने घंटेचा लोलक मुठीत धरला आणि तसाच चालत राहिला. त्याच्या डोक्यात कायदा होता. तो कायदा त्याला तोंडपाठ होता, कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी तो याच कोपऱ्यांवर त्यानेच ओरडून सांगितला होता. राणी किती जगेल याची जो कोणी गणिते मांडील, तिच्यामागून कोण गादीवर बसेल हे जो कोणी बोलून दाखवील, त्याला अमुक शिक्षा. आणि त्याहून जुना एक होता, त्याच्या पणजोबाच्याही आधीचा. राणीच्या मरणाची कल्पना करणे हाच राजद्रोह. सुरा उचलणे नाही, विष घालणे नाही, नुसती कल्पना. तरुणपणी त्याला याचे हसू यायचे. कल्पना कोणाला दिसते? कोतवाल काय डोक्यात हात घालून चाचपणार आहे? आज त्याला हसू आले नाही. त्याची कल्पना डोक्यातून निघून, छातीतून जोर घेऊन, अख्ख्या चीपसाइडला ऐकू गेली होती.

पण मी कल्पना केलीच कधी? तो स्वतःला विचारत घरी आला. थॉमसिनने वाटाण्याचे कढण पुढे ठेवले. लेंटचे उपासाचे दिवस होते, मांस नव्हते, आणि त्याला कढणाचा वासही नको झाला होता. 'काय रे म्हाताऱ्या, घसा बसलाय का?' ती म्हणाली. 'पाणवठ्यावर बायका सांगत होत्या, तिच्या बोटातली अंगठी कापून काढावी लागली म्हणे. राज्याभिषेकातली. मांसात रुतली होती. चव्वेचाळीस वर्षं घातलेली अंगठी काढायची म्हणजे बघ. आता काय, आज ना उद्या ती...' बार्नबी उठला आणि त्याने आपला पंजा तिच्या तोंडावर दाबला. इतक्या जोरात दाबला की तिची पाठ भिंतीला लागली. तिचे डोळे मोठे झाले. लग्नाला तीस वर्षे झाली होती, त्याने कधी तिच्यावर हात टाकला नव्हता. त्याने हात काढला तेव्हा तिच्या ओठाला रक्त होते. 'वेड लागलंय तुला,' ती हळू आवाजात म्हणाली, आणि कढणाचे भांडे उचलून आत गेली. तिने विचारले असते तर त्याने सांगितले असते, असे त्याला नंतर वाटत राहिले. पण तिने विचारले नाही, आणि त्याला तिचे ओठ पुसायलाही धीर झाला नाही.

त्याचा बापही दवंडीवालाच होता. घंटा तीच, मूठ तेवढी नवी. बार्नबी बारा वर्षांचा असताना लहानगा राजा एडवर्ड वारला आणि बड्या लोकांनी जेन नावाची एक पोर गादीवर बसवली. बापाला सांगितले, ओरड, देव राणी जेनला राखो. बाप ओरडला. लोक गप्प उभे होते. एका दारूच्या गुत्त्यातला पोऱ्या म्हणाला, खरा हक्क मेरीचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी चीपसाइडलाच त्याला खोड्यात उभे करून, तुतारी वाजवून, त्याचे दोन्ही कान कापले. बार्नबीने ते पाहिले. कान कापताना माणूस कानाकडे बघू शकत नाही, हे त्याच्या कायमचे लक्षात राहिले. नऊ दिवसांनी जेन गेली आणि मेरी आली. लोकांनी टोप्या उडवल्या, होळ्या पेटवल्या, आणि बापाला सांगितले, ओरड, देव राणी मेरीला राखो. बाप टेबलावर चढला, छाती भरली, आणि नऊ दिवसांच्या सवयीने जेन म्हणाला. कसलाही हेतू नव्हता. जीभ होती, ती गेली. लोकांनी त्याला खाली ओढला. त्याचे पुढचे दात त्या दिवशी गेले. त्यानंतर बाप दवंडी देई, पण शेवटच्या वाक्याआधी क्षणभर थांबे, डोळे मिटे, ओठांवर ते नाव एकदा बिनआवाजी फिरवून बघे आणि मग ओरडे. मरताना त्याने बार्नबीला सांगितले होते, 'नाव बदललं ना, की आधी घरी घोकून ठेव. आधीच घोकून ठेव रे.'

रविवारी सेंट मेरीच्या देवळात पाद्रीबुवांनी राणीसाठी प्रार्थना म्हटली आणि सगळ्यांनी मागून साथ दिली. बार्नबी ओठ हलवत होता. आवाज काढत नव्हता. पुढच्या बाकावर खोगीरकार मास्टर फल्क बसला होता. यंदा वॉर्डाचा कॉन्स्टेबल तोच होता. त्याच्या मानेवरची लाल घडी बघत बार्नबी आपल्या डोक्यात कल्पना शोधत होता, घरात चोर शोधावा तशी, एकेका खोलीत. तरुणपणात ती नव्हती. त्याला राज्याभिषेकाच्या आदल्या दिवसाची मिरवणूक आठवली. जानेवारीची थंडी, रस्त्यावर टाकलेली खडी, पालखीत बसलेली पंचविशीतली लालकेशी मुलगी. बापाने हिच्या आईचे डोके उडवले होते. हिला औरस नाही म्हणून हिणवले होते. सख्ख्या बापाच्या दुसऱ्या लेकीने, त्याच मेरीने, हिला टॉवरच्या तुरुंगात, पाण्याच्या दरवाज्याने आत घालून कोंडले होते. आणि ती जिवंत राहून या रस्त्यावरून चालली होती. एका भिकारणीने रोझमेरीची एक डहाळी पुढे केली. तिने पालखी थांबवून ती घेतली आणि हातातच ठेवली. गर्दीतून कोणी म्हातारा ओरडला, 'तुझ्या बापाची, जुन्या हॅरी राजाची याद ठेव, पोरी!' आणि ती हसली. राजा हा शब्द ऐकून हसली. बार्नबी सतरा-अठरा वर्षांचा होता आणि त्या क्षणी तो तिचा झाला. मग तिचे सगळे आयुष्य त्याच्याच तोंडून शहराला कळले. तिला देवी आल्या तेव्हा घरोघर प्रार्थना करा हे त्याने ओरडून सांगितले. ती लग्न करणार, ही हूल कितीदा उठली आणि कितीदा विरली. स्पेनची गलबते आली आणि वादळात फुटली, त्याच्या आनंदाची होळी कुठे पेटणार हे त्याने सांगितले. दोन वर्षांपूर्वी तिचा लाडका सरदार तलवार घेऊन शहरात घुसला, राणीसाठी, राणीसाठी, असे ओरडत, आणि घराघरांतून लोक खिडकीत येऊन नुसते बघत राहिले, तेव्हाही तो देशद्रोही आहे हे सांगायला चौकात बार्नबीच उभा होता. प्रत्येक वेळी शेवटी तेच वाक्य. नवरा-मुले नसलेल्या त्या बाईचे नाव त्याने स्वतःच्या बायकोच्या नावापेक्षा शेकडो पटींनी जास्त वेळा घेतले होते. त्याचे तिच्यावर प्रेम होते. हे तो कोणाला सांगू शकला नसता, पण होते.

आणि मग, पाद्रीबुवा आमेन म्हणत असताना, शेवटच्या खोलीत ती कल्पना सापडली. मागच्या हिवाळ्यात त्याने राणीला नदीवर पाहिले होते. तिची नौका काठाजवळून गेली. वाद्ये वाजत होती. लाल टोप केसांचा, आणि खाली पांढऱ्या लेपाचा चेहरा. लेप गालांवर तडकला होता. ती हसली तेव्हा तोंडात काळे दिसले. तिच्या शेजारी उभी असलेली बाई तिचा दंड धरून होती, आधार देत असल्याचे कोणाला दिसू नये अशा बेताने. लोक टोप्या उडवत होते. बार्नबी ओरडत होता. आणि ओरडता ओरडता त्याच्या मनात आले होते, ही गेली की मी काय म्हणू? बस्स एवढेच. दुःख नाही, राज्याचे काय होईल ही काळजी नाही. फक्त स्वतःच्या तोंडाची काळजी. बापाचे दात. त्या दिवसापासून, रस्त्याने चालताना, एकटा असताना, त्याने ते वाक्य ओठांवर फिरवून बघितले होते. देव राजाला राखो. आवाज न काढता. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग रुळली. बापाने सांगितले तसे त्याने घोकले होते, आधीच घोकले होते, ती जिवंत असताना, महिनोन्‌महिने. तो बाकावर बसल्या बसल्या खाली घसरत गेला. शेजारच्या माणसाने त्याचा कोपर धरला. कल्पना केली होती. नुसती केली नव्हती, पाठ केली होती. आणि शनिवारी ते वाक्य मोठ्याने निघाले त्याच दिवशी तिची अंगठी कापली, असे त्याला वाटले, आणि एकदा वाटल्यावर ते निघेना.

सोमवारी तो पार्नेलला शोधत गेला. ती देवळाच्या पायरीवर पाटी ठेवून बसली होती आणि कोणा गिऱ्हाइकाला शिव्या देत होती. दोघांचे वैर जुने होते. त्याची घंटा वाजली की तिला आपली हाळी थांबवावी लागे, म्हणून ती त्याला घंटोबा म्हणायची. 'या घंटोबा! आज कोणाची घोडी पळाली?' बार्नबी खाली वाकला. 'शनिवारचं कोणाला सांगितलंस?' 'काय सांगायचं?' 'पार्नेल, मी म्हातारा माणूस आहे. मुद्दाम नाही झालं. जीभ घसरली. तू माझ्याकडे बघत होतीस, तू ऐकलंस...' 'अरे, मी बघत होते कारण तू अर्ध्यात खांबासारखा थांबलास. मला वाटलं आता हा पडणार, झटका आला याला. काय ऐकलं मी?' त्याने बोलायला नको होते. इथे गप्प बसला असता तर सगळे तिथेच संपले असते. पण चाळीस वर्षे ज्याचे पोट बोलण्यावर, त्याला गप्प बसायची कला कुठून येणार. 'राजा म्हणालो ते,' तो म्हणाला.

पार्नेल हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला. 'राजा? कुठला राजा? पत्त्यातला? बदामचा का?' 'हळू बोल. देवासाठी हळू बोल.' 'आणि रोज माझ्या हाळीवर घंटा बडवतोस! हेरिंग घ्या म्हणताना माझी कधी चूक झाली नाही रे. मी कधी हेरिंगला बदक म्हटलं नाही.' मग त्याचा चेहरा बघून ती थांबली. 'बरं बरं. रडू नको. या तोंडाला कुलूप.' तिने ओठांवर बोट फिरवले. 'म्हातारीनं, राणीनं, माझा नवरा खाल्ला, ठाऊक आहे ना तुला? स्पेनवाल्यांशी लढून धडधाकट आला आणि किनाऱ्यावर तापानं मेला, जहाजातून उतरवायलाही कोणी आलं नाही. मी तिला दिवसातून दहा शिव्या देते. पण माझीच म्हातारी आहे ती. तिच्या जागी राजाबिजा मला नको. जा घरी.' तो घरी गेला. त्याला बरे वाटायला हवे होते. पण शनिवारी ज्याला साक्षीदार नव्हता, त्याला आता साक्षीदार होता, आणि तो त्याने स्वतः तयार केला होता. तिचे तोंड त्याला ठाऊक होते. ते तोंड कधी मिटलेले त्याने पाहिले नव्हते.

मंगळवारी दुपारी त्याने तिला मास्टर फल्कच्या दुकानाशी पाहिले. ती पाटी कमरेवर घेऊन उभी होती, फल्क हेरिंग निवडत होता, आणि ती काही सांगत होती. सांगता सांगता तिने हातात घंटा धरल्यासारखी मूठ हलवली. फल्क हसला. एवढेच. पार्नेल दिवसभर लोकांच्या नकला करत असे, घंटोबाची तर कायमच. पण बार्नबीला ते सुचले नाही. त्याचे कान गरम झाले, दोन्ही कान, आणि त्याला वाटले की ते आपल्याला आता शेवटचे जाणवत आहेत. शहरात त्या दिवशी दरवाज्यांवर पहारे बसले होते. भटके लोक धरून नेत होते. पार्नेल गेल्यावर तो दुकानात शिरला. चामड्याचा आणि मेणाचा वास होता. 'मास्टर फल्क,' तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शांत, भरदार, दवंडीचा निघाला, 'ती पार्नेल, खारे मासे विकते ती. शनिवारी बाजारात ती राजाला राखो म्हणाली. मी कानांनी ऐकलं.' फल्कने सुई खाली ठेवली. 'पार्नेल? आत्ता तर इथून गेली.' 'म्हातारीनं नवरा खाल्ला, असं ती सगळ्यांना सांगते. विचारा कोणालाही.' 'ते ठाऊक आहे,' फल्क नाखुशीने म्हणाला. 'तुझी खात्री आहे ना, थ्रेल? असल्या दिवसांत हे दडवलं तर माझी मान जाते.' 'माझी खात्री आहे.' बाहेर आल्यावर त्याला आधी हलके वाटले. कोपऱ्यापर्यंत हलके वाटले. त्यापुढे नाही.

तिला नेले तेव्हा तो पाहत होता. पाटी रस्त्यात उलटली आणि मांजरे जमली. 'मी नाही, तो म्हणाला!' ती ओरडत होती. 'तो घंटोबा! माझ्यापाशी येऊन रडला मेला!' फल्क तिला म्हणाला, 'जो माणूस जन्मभर राणीचं नाव घेतो तो राजा म्हणेल होय? काहीतरी पटेल असं बोल, बाई.' लोक हसले. तिने बार्नबीला पाहिले, आणि ओरडायची थांबली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे त्याला सहन झाले नाही. नुसते आश्चर्य होते. तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. थॉमसिनने विचारले, 'त्या पार्नेलला का धरलं रे?' तो म्हणाला, 'मला काय ठाऊक.' ती म्हणाली, 'तुला ठाऊक आहे,' आणि निघून गेली.

गुरुवारी सकाळी घोडेस्वार आले. चीपसाइडच्या चौकातल्या दगडी क्रॉसपाशी मोठमोठे सरदार उभे राहिले आणि त्यांच्या भाटाने वाचून दाखवले की राणी पहाटे देवाघरी गेली आणि स्कॉटलंडचा जेम्स आता इंग्लंडचा राजा आहे. बार्नबी गर्दीत होता. लोक गप्प होते. एक म्हातारी तोंडात शालीचे टोक कोंबून रडत होती. मग सरदार म्हणाले, देव राजाला राखो, आणि गर्दीतून तेच वाक्य आले, आधी बारीक, मग मोठे. बार्नबी रडत होता. तिच्यासाठी रडत होता की स्वतःसाठी, त्याला कळत नव्हते. आणि त्या रडण्यातच त्याला एकदम उमगले की तो शब्द आता गुन्हा नाही. आजपासून तो कायदाच आहे. तो धावत फल्ककडे गेला. 'आता सोडा तिला. पार्नेलला. आता त्यात काय राहिलं?' फल्क दुकानाला फळ्या लावत होता, संध्याकाळी होळ्या होत्या. 'कोणती पार्नेल? हां, ती. अरे, माझ्या हातात काय आहे? ती वरच्या लोकांच्या ताब्यात गेली. आणि वर आज आहे कोण? राणी गेली की तिनं नेमलेले सगळेच गेले, नवा राजा यायला महिना लागेल. कोण ऐकणार? तक्रार केली ती तू. खोटी होती म्हण, चारचौघांत म्हण, तर निदान मला काहीतरी करता येईल.'

वुड स्ट्रीटच्या तुरुंगाची एक खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती, गजांची, पायांच्या उंचीला. आतून कुबट, गोड वास येत होता. बार्नबी गुडघ्यांवर बसला. 'पार्नेल.' बऱ्याच वेळाने ती गजांशी आली. तिचा चेहरा लाल होता, ओठ फुटले होते. 'इथं ताप आहे, घंटोबा,' ती म्हणाली. 'काल रात्री माझ्या शेजारची गेली. आज सकाळी तिच्या शेजारची. म्हातारी गेली म्हणतात ते खरं का?' त्याने होकारार्थी मान हलवली. पार्नेलने डोळे मिटले. 'शेवटी झोपली का बिछान्यावर? की जमिनीवरच?' त्याला ठाऊक नव्हते. 'मी तुला सोडवतो,' तो म्हणाला. 'मी फल्कला हळूच सांगतो की माझी ऐकण्यात चूक झाली.' 'हळूच नको.' तिने गज धरला. 'माझं नाव तू हळूच घेतलंस. आता मोठ्यानं सांग. घंटा वाजव. घोडीसाठी वाजवतोस ना? तशी माझ्यासाठी वाजव. तो शब्द माझा नव्हता. मेले तर त्या शब्दावर मरायचं नाही मला.'

तो क्रॉसपाशी आला तेव्हा होळी पेटली होती आणि दारूची पिंपे फोडली होती. सकाळी गप्प असलेले लोक आता गात होते. देवळादेवळांतून घंटा चालू होत्या. बार्नबी एका पिंपावर चढला. आपले कान आज जातील, याची त्याला खात्री होती, आणि खरे सांगायचे तर त्याला ते हवे होते. त्याने घंटा वाजवली. लोक वळले, कारण ती घंटा वाजली की वळायची सगळ्यांना सवय होती. त्याने छाती भरली आणि एकही शब्द न गिळता सांगितले. शनिवारी, याच जागी, राणी जिवंत असताना, राजाला राखो म्हणणारा मी होतो. मी, बार्नबी थ्रेल. दुसरे कोणी नव्हते. मग कोणीतरी पिंपावर हात आपटला. 'शनिवारी? अरे, म्हणजे सरदारांच्या आधी?' 'अख्ख्या इंग्लंडात पहिला!' 'याच्या तोंडातून देव बोलला रे!' कोणी टोपी उडवली. कोणी त्याच्या पायांना मिठी मारली. 'नाही,' तो ओरडला, 'ऐका, मी खोटं बोललो, ती आत आहे...' पण त्याला खाली ओढले होते आणि दुसऱ्या क्षणी तो खांद्यांवर होता. मास्टर फल्क दारूचा पेला उंचावून हसत होता. 'थ्रेल, लेका, मग आधी का नाही बोललास! राजाच्या कानावर घालू आपण!' बार्नबीने आयुष्यभर जो आवाज कमावला तो सगळा लावला आणि तिचे नाव ओरडला. 'पार्नेल! पार्नेल!' 'याच्या बायकोचं नाव दिसतंय,' खालून कोणी म्हणाले, आणि सगळ्यांनी पेले उचलले. 'पार्नेल! पार्नेल!'

मिरवणूक नाचत वुड स्ट्रीटला वळली. तुरुंगाची भिंत आली तसे नाव आणखी मोठे झाले, शेकडो गळ्यांतून. खांद्यांवरून बार्नबीला खाली, लोकांच्या पायांपाशी, ती खिडकी दिसली. गजांतून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. ती आपले नाव ऐकत होती. तिला वाटले होते, तिला न्यायला आले. हात हलत होता, इकडे, इकडे, असा. बार्नबी लाथा झाडत होता, खालच्या माणसाचे केस ओढत होता, आणि तो माणूस हसत म्हणत होता, 'आवरा याला, फार चढलीय.' ते तिचे नाव गात त्या हातावरून पुढे गेले.